कार्यप्रणाली बदलते, आपल्या ओळी कोठे जातात?

संगणकाला लेखी आज्ञा ज्या प्रोग्रॅममार्फत दिल्या जातात त्याला शेल म्हणतात. लिनक्स किंवा मॅक वापरणारे बरेच जण शेलच्या मांडणीच्या फाइलीत आपल्या सोयीच्या चार ओळी घालतात: प्रोग्रॅम आधी कोठे शोधावा, लांबलचक आज्ञेचे छोटे नाव कोणते, वगैरे. कार्यप्रणालीची नवी आवृत्ती बसवताना या ओळींचे काय होते?

आमच्या प्रयोगशाळेत एकदा शोधमार्गाची ओळ अशीच गेली. 'आज्ञा सापडली नाही' असे उत्तर आले असते तर बरे झाले असते. पण त्या संगणकावर पायथनच्या दोन आवृत्त्या होत्या, आणि ओळ गेल्यावर जुनी, म्हणजे दुसरी, चालू लागली. तिच्यात ७/२ चे उत्तर ३ येते. तिसऱ्या आवृत्तीत ३.५. सरासऱ्या मुकाट्याने चुकत होत्या! दोष थोडा आमचाही होता. ओळ आम्ही सर्वांच्या सामाईक फाइलीत घातली होती, आणि ती फाइल मुळात प्रणालीची.

डेबियन लिनक्सने हा प्रश्न नीट ओळखला आहे. तेथे मूळ फाइल, आपली फाइल आणि नवी फाइल अशा तिन्हींची तुलना होते. आपण काही बदलले नसेल तर नवी फाइल न विचारता बसते. नवी मुळासारखीच असेल तर आपली राहते. दोन्ही बदलल्या असतील तरच प्रश्न येतो, आणि नुसते एंटर दाबले तर आपली टिकते. मात्र हा प्रश्न ऐन कामात येतो. दोन वर्षांपूर्वी ती ओळ का घातली हे तेव्हा कोणाला आठवणार? शिवाय आपली फाइल ठेवली की नव्या फाइलीतील सुधारणाही बाहेर राहतात.

मॅकने २०१९ साली कॅटलिना आवृत्तीत नव्या खात्यांसाठी बॅशऐवजी झेड-शेल आणले. जुन्या खात्यांचे शेल बदलले नाही, हे चांगले केले. पण सूचना वाचून जे स्वतः झेड-शेलकडे वळले, त्यांची बॅशची फाइल जशीच्या तशी राहिली आणि ती वाचणारे कोणी उरले नाही. बदललेल्या काही सामाईक फाइली तर 'रीलोकेटेड आयटम्स' नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवल्या गेल्या. याला जतन म्हणायला आम्ही तयार नाही. अडगळीच्या खोलीत ठेवलेला तराजू वजन करीत नाही.

डेबियनमध्ये सामाईक ओळींसाठी 'प्रोफाइल डॉट डी' हा फोल्डर आहे. त्यात आपली वेगळी फाइल ठेवली, तर प्रणालीच्या फाइलीशी तिचा झगडाच होत नाही. फक्त ती लॉगिन करतानाच वाचली जाते, प्रत्येक नव्या खिडकीत नव्हे.