मेजर गिल यांची जोडचित्रे

मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगवलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांच्या त्यांच्या शंभर जोडछायाचित्रांचे पुस्तक मात्र १८६४ मध्येच निघाले होते. आम्हांस तेच अधिक मोलाचे वाटते.

डाव्या-उजव्या डोळ्यासाठी घेतलेली दोन चित्रे भिंगांतून एकत्र पाहिली, की खडक, झाड, खांब कागदातून कापून एकामागे एक उभे केल्यासारखे भासतात. त्या काळच्या ओल्या काचेवर प्रकाश काही सेकंद तरी पडू द्यावा लागे. तेवढ्यात हललेले पान धूसर होई, वाहते पाणी पिंजलेल्या कापसासारखे उमटे. रोजचा डोंगरउतार असा परका होतो. याला कोणी लबाडी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. यंत्राने पाहिले ते आपण पाहत नाही, इतकेच.

उणेपणा दुसराच आहे. चालता माणूस त्या काचेवर टिकत नसे; टिके तो थांबवून उभा केलेला. दरीतले राबते हात या तंत्राला सापडत नाहीत, हे आम्हांस सलते.

गिल १८७९ मध्ये भुसावळजवळ वारले. तेव्हा अखंड खानदेशचे ठाणे धुळ्यास होते. त्यांची कबर भुसावळला आहे. नोव्हेंबरात आपल्या माणसांसाठी मेणबत्त्या घेऊन तिकडे जाणाऱ्यांनी तीही शोधावी.