जागतिक जलप्रलयाचा पुरावा : एक परीक्षण

एके काळीं सर्व पृथ्वी एकाच वेळीं पाण्याखालीं बुडाली होती आणि धर्मग्रंथ ह्याची साक्ष देतात, असें प्रतिपादन करणारीं प्रवचनें व पुस्तिका आमच्या पाहण्यांत वारंवार येतात. प्रतिपादक कधीं ख्रिस्ती असतो व नोहाचें नांव पुढें करितो. कधीं वैदिक धर्माभिमानी असतो व मनूचें नांव घेतो. तर्क मात्र दोघांचाही एकच आहे. ह्या वादांत साक्षीदार म्हणून ज्या उभ्या केल्या जातात त्या आपल्याच पोथ्या होत. आणि पोथीची जबानी नीट वाचून घेणें हें पोथ्या जमविणारांचें कर्तव्य आहे. म्हणून हें परीक्षण.

ह्या पक्षाचीं मुख्य प्रमाणें तीन. पहिलें, अनेक ग्रंथ एकच घटना सांगतात. दुसरें, अनेक राष्ट्रांत ती कथा आढळते. तिसरें, पर्वतांवर समुद्रांतील जीवांचे अवशेष सांपडतात. आम्ही तीं क्रमानें तपासूं.

आपल्याकडे ही कथा प्रथम शतपथब्राह्मणाच्या पहिल्या कांडांत येते. तेथें मासा कोण हें सांगितलेलें नाहीं. सप्तर्षि नाहींत, बीजेंही नाहींत. पूर ओसरल्यावर मनु एकटाच उरतो, यज्ञ करितो आणि त्यांतून इडा उत्पन्न होते. दर्शपूर्णमास यागांतील इडाकर्माचें महत्त्व सांगण्यासाठीं ही कथा आली आहे. महाभारताच्या वनपर्वांत नौकेवर सप्तर्षि आणि सर्व बीजें चढतात, हिमालयाच्या शिखरास नौबंधन हें नांव मिळतें, आणि मासा आपण ब्रह्मा असल्याचें सांगतो. मत्स्यपुराणांत तो विष्णु होतो. मनूचें तप मलय पर्वतावर होतें. आणि प्रलयांतून वांचणारांत नर्मदा नदीही गणली आहे. भागवताच्या आठव्या स्कंधांत नायक द्रविड देशाचा राजा सत्यव्रत असून मासा त्यास कृतमाला नदींत सांपडतो. ह्यांस चार स्वतंत्र साक्षीदार म्हणतां येत नाहीं. एकच कथा उत्तरोत्तर वाढत, नवे देव व नव्या नद्या आपलेसे करीत आली आहे. एका मूळ प्रतीवरून चार प्रती उतरल्या असतां पाठाचे चार पुरावे झाले असें कोणताही संपादक मानीत नाहीं. मग येथें तो नियम कां सोडावा?

शिवाय हे ग्रंथ प्रलयाच्या काळाविषयींही एकमत नाहींत. भागवताच्या पहिल्याच स्कंधांत मत्स्यावतार चाक्षुष मन्वंतराच्या पुराशीं जोडला आहे, तर आठव्यांत तो ब्रह्मदेवाच्या निद्रेच्या वेळचा, म्हणजे नैमित्तिक प्रलयाचा सांगितला आहे. ही अडचण आधुनिकांनीं शोधून काढिली असें कोणी समजूं नये. श्रीधरस्वामींनीं आपल्या टीकेंत तिचा विचार केला असून, हा खरा प्रलय नसून सत्यव्रतास ज्ञान देण्यासाठीं दाखविलेला देखावा होय, असा तिचा परिहार सुचविला आहे. ज्या प्रलयाविषयीं भागवताच्या सर्वमान्य टीकाकारास शंका आली, त्यास इतिहासाची नोंद म्हणून पुढें करणें हें साहस होय.

येथें कारंज्याची साक्ष विशेष उपयोगी पडते. बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ ह्या तीन परंपरांच्या मंदिरांतील ग्रंथभांडारांमुळें हें गांव जैन वाङ्मयाचें मोठें केंद्र झालें. रायबहादुर हिरालाल ह्यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडांतील हस्तलिखितांच्या सूचीनें त्या संग्रहांकडे बाहेरच्या विद्वानांचें लक्ष वेधलें. ज्या दिगंबर परंपरेचे हे संग्रह, तिच्या त्रिलोकसारासारख्या ग्रंथांतही प्रलय आहे. पण तो अवसर्पिणीच्या शेवटीं येतो. सात प्रकारच्या वृष्टि सात सात दिवस, म्हणजे ४९ दिवस होतात. त्यांत विष, अग्नि, धूळ व धूर ह्यांचाही वर्षाव आहे. विद्याधर व देव ७२ युगुलें आणि इतर कांहीं जीव सुरक्षित स्थळीं नेतात. मुख्य गोष्ट ही कीं, हा प्रलय भरत व ऐरावत क्षेत्रांच्या आर्यखंडांपुरताच आहे. विदेहक्षेत्रास त्याचा स्पर्श नाहीं, कारण जैनमतें विश्व अनादि व अविनाशी आहे. तेव्हां ‘सर्व धर्म जागतिक जलप्रलय सांगतात’ हें विधान आमच्या गांवांतील परंपरेनेंच खोटें पडतें.

आतां दुसरें प्रमाण. कथा अनेक राष्ट्रांत आहे हें खरें. १८७२ सालीं जॉर्ज स्मिथ ह्यांनीं बाबिलोनी इष्टिकालेखांतील पुराची कथा प्रसिद्ध केली, आणि बायबलांतील कथेशीं तिचें साम्य पाहून सर्वत्र खळबळ उडाली. पण ते लेख बायबलाहून जुने असल्यामुळें, साम्यावरून एका कथेचा प्रवास सिद्ध होतो. जगाचें बुडणें सिद्ध होत नाहीं. इराकांत ऊर, किश व शुरुप्पक येथें उत्खननांत पुराच्या गाळाचे थर निघाले. ते सर्व एका काळचे नाहींत. नदीकांठीं राहणारांस पूर येतो, आणि ज्याचें गांव बुडालें त्याच्या दृष्टीनें जगच बुडालें. एवढ्यानें कथांचा उलगडा होतो.

ह्याच साम्याच्या मोहानें घडलेला एक प्रकार पोथ्यांच्या संग्राहकांनीं सदैव ध्यानांत ठेवावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस काशींत कॅप्टन फ्रान्सिस विल्फर्ड हे पुराणांत बायबलाचे दुवे शोधीत होते. नोहाच्या शेम, हाम व याफेथ ह्या तीन पुत्रांशीं जुळणारे शर्म, चर्म व ज्यापति असे पुत्र असलेल्या राजाचा उतारा पद्मपुराणांतून म्हणून त्यांस मिळाला. सर विल्यम जोन्स ह्यांच्यासारख्या विद्वानानें त्याचें भाषांतर छापिलें. पुढें विल्फर्ड ह्यांस कळलें कीं, आपल्या पंडितानें पोथ्यांतील शब्द खोडून बदलले होते आणि पानें काढून नवीं घातलीं होतीं. १८०५ सालीं त्यांनीं हें जाहीरपणें कबूल केलें. जोन्स १७९४ सालींच वारले होते, त्यांस आपली फसगत कळली नाहीं. दोष केवळ पंडिताचा नव्हे. आधीं उत्तर ठरवून जो पोथीकडे जातो व त्या उत्तरासाठीं द्रव्य देतो, त्यास तें उत्तर मिळतेंच.

तिसरें प्रमाण अवशेषांचें. गंडकीचे शाळिग्राम हे प्राचीन समुद्रजीवांचे अश्मीभूत अवशेष आहेत, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडकांतही समुद्रजीवांचे अवशेष आहेत. पण ह्यावरून समुद्र पर्वतावर चढला असें होत नाहीं. समुद्रतळच वर उचलला जाऊन हिमालय झाला. एकाच पुरानें सर्व प्राणी पुरले असते तर शाळिग्रामाच्या थरांतच हत्ती, बैल व माणसें ह्यांच्या अस्थि मिसळलेल्या सांपडल्या असत्या. तशा त्या कोठेंही सांपडत नाहींत. आमच्या वऱ्हाडाची भूमि तर सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याच्या थरांची आहे. दोन थरांमध्यें जागोजाग हवेपाण्यानें झिजून झालेली तांबडी माती आढळते, आणि नागपुराजवळ अशाच मधल्या थरांत गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे अवशेष निघाले आहेत. एका प्रलयाच्या खळबळींत माती होण्यास व तळीं नांदण्यास अवकाश कोठून मिळणार?

गणितही प्रतिकूल आहे. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर. तेथवर पृथ्वी बुडण्यास सुमारें ४४० कोटि घन किलोमीटर अधिक पाणी लागेल. पृथ्वीवरचें सर्व पाणी मिळून सुमारें १३९ कोटि आहे. दैवी सामर्थ्यानें तें आलें व गेलें असें म्हटल्यास वाद संपतो, पण मग भौतिक पुराव्याचें नांव घेण्याचा अधिकारही संपतो.

ह्यावर कोणी म्हणतील, मग ग्रंथ खोटे काय? आमचें उत्तर मीमांसकांचेंच आहे. ब्राह्मणग्रंथांतील आख्यानें अर्थवाद होत. त्यांचें तात्पर्य विधीच्या प्रशंसेंत असतें. जेथें अर्थवादाचा दुसऱ्या प्रमाणाशीं विरोध येतो, तेथें तो गुणवाद समजावा, अक्षरशः घेऊं नये. मनूची कथा इडेचें माहात्म्य सांगते, आणि तें काम ती उत्तम करिते. तिच्यावर भूगर्भशास्त्राचें ओझें लादणारे तिचा सन्मान वाढवीत नाहींत. उलट खडकाच्या एका थरानें ती कोसळावी अशा जागीं तिला उभी करितात.

ज्यांच्या घरीं मत्स्यपुराणाच्या, भागवताच्या किंवा जैन ग्रंथांच्या जुन्या पोथ्या आहेत त्यांस आमची एवढीच विनंती आहे कीं, प्रलयाचा प्रसंग आला म्हणजे पाठ जसा आहे तसा उतरून घ्यावा, पानांचे अंक व अक्षराचें वळण तपासावें, आणि सोयीचा पाठ सांपडल्यास दुप्पट सावध व्हावें. पृथ्वी बुडाली होती कीं नाहीं हें खडक सांगतील. कोणत्या पोथींत काय लिहिलें होतें हें मात्र आपल्यावांचून दुसरें कोणी सांगणार नाहीं.