दुसऱ्याच्या मापाचा सूट

पोर्तुगालचा समुद्रकिनारा. एक बाई सरळ लाटांत शिरते आहे आणि मोटारीत बसलेला एक पुरुष तिला दुर्बिणीतून पाहतो आहे. त्याचे हात दिसतात, हनुवटी दिसते, पेटती सिगारेट दिसते. चेहरा मात्र दिग्दर्शक लपवून ठेवतो. तो धावत जाऊन तिला पाण्याबाहेर काढतो, आपलं नाव सांगतो, तेव्हा कुठे चेहरा समोर येतो. तो शॉन कॉनरीचा नाही. मग मारामारी होते, गुंड आडवे पडतात, पण बाई आपली मोटार घेऊन निघून जाते. नवा बाँड जवळजवळ प्रेक्षकांकडेच बघत म्हणतो की, त्या दुसऱ्या गड्यावर अशी वेळ कधी आली नव्हती.

१९६९च्या डिसेंबरात ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ लागला, तेव्हा त्या वाक्यावर लोक हसले असतील. मला ते वाक्य खटकतं. एका मोठ्या चित्रपटाने सुरुवातीलाच मागितलेली ती माफी आहे, आणि ती मागायची काहीच गरज नव्हती.

हेरपटांतला नायक बदलला की त्या चित्रपटाचं काय होतं, याची चर्चा बहुतेक वेळा ‘कोण चांगला’ इथेच अडकते. कॉनरी की मूर, डाल्टन की ब्रॉस्नन. हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. नट बदलला म्हणून चित्रपट उणा ठरत नाही. बदललेल्या नटाबरोबर जे घडलं, ते पुढच्या चित्रपटाने आपलं मानलं की नाही, यावर त्याचं स्थान ठरतं. जॉर्ज लेझनबीचा एकुलता एक बाँडपट याचा सर्वांत ठळक दाखला आहे.

‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’चं चित्रीकरण जपानमध्ये चालू असतानाच कॉनरी या भूमिकेला आणि तिच्यामागे लागलेल्या गर्दीला कंटाळला होता. त्याने सोडल्यावर निर्माते अल्बर्ट ब्रॉकली आणि हॅरी साल्ट्झमन यांनी निवडलेला माणूस ऑस्ट्रेलियन होता. मोटारी विकणारा, मग मॉडेल झालेला, चॉकलेटच्या जाहिरातीमुळे ब्रिटनमध्ये चेहरा ओळखीचा असलेला. अभिनयाचा म्हणावा असा अनुभव नव्हता. कॉनरीच्या न्हाव्याकडे जाऊन त्याने केस कापून घेतले, कॉनरीसाठी शिवलेला आणि त्याने न नेलेला सूट मिळवला आणि तो घालून निर्मात्यांसमोर उभा राहिला. चाचणीच्या मारामारीत त्याने समोरच्या पैलवानाचं नाक फोडलं. वय होतं एकोणतीस. आजवरचा सर्वांत तरुण बाँड तोच.

दिग्दर्शकही नवा होता, पण घरातलाच. पीटर हंट आधीच्या बाँडपटांचा संकलक. ठोसा पूर्ण बसायच्या आत दृश्य तोडायचं, हालचालीतला मधला भाग गाळायचा, ही त्याची पद्धत. बाँडपटांचा वेग तिनेच घडवला. दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाल्यावर त्याने इयान फ्लेमिंगच्या कादंबरीशी प्रामाणिक राहायचं ठरवलं. उपकरणांची रेलचेल नको, ज्वालामुखीच्या पोटातले अड्डे नकोत. एक माणूस, एक बाई, बर्फाचा डोंगर आणि शेवटी एक मृत्यू.

कॉनरी असता तर हा चित्रपट याच रूपात झाला असता असं मला वाटत नाही. पाच चित्रपटांनी कॉनरीचा बाँड इतका अजिंक्य करून ठेवला होता की त्याला कशाची भीती वाटते, हे कोणी मानलं नसतं. इथे एक प्रसंग आहे. खलनायक ब्लोफेल्डच्या डोंगरावरच्या अड्ड्यातून बाँड निसटला आहे. खाली स्विस गावात जत्रेची गर्दी, बर्फावर स्केटिंग करणारी माणसं, आणि मारेकरी त्याच गर्दीत त्याला शोधत आहेत. बाँड कॉलर वर करून एका बाकावर बसतो. थकलेला, घाबरलेला. पांढऱ्या अस्वलाचा पोशाख घातलेला कोणीतरी समोर येऊन फोटो काढतो, तर तो दचकतो. मान खाली घालून बसलेला असताना स्केटचे दोन बूट त्याच्यापुढे येऊन थांबतात. वर पाहतो तर ट्रेसी, समुद्रकिनाऱ्यावरची तीच बाई. त्या क्षणी लेझनबीच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते, ती कसलेल्या नटाने कदाचित अधिक नेटकी दाखवली असती. इतकी उघडी दाखवली नसती. त्याचा नवखेपणा इथे भूमिकेच्या कामी येतो.

डायना रिगने ट्रेसी ज्या ताकदीने उभी केली, तिचा वाटा मोठाच आहे. मुरलेल्या अभिनेत्रीशेजारी नवखा नट उभा केला की तो उघडा पडण्याची भीती असते. इथे ती त्याला वर खेचते. शेवटी लग्न होतं आणि रस्त्याच्या कडेला मोटार थांबलेली असताना गोळ्या सुटतात. मेलेल्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बाँड पोलिसाला सांगत राहतो की, ती जरा विश्रांती घेते आहे, घाई कसलीच नाही. लेझनबीने हा प्रसंग आधी डोळ्यांत पाणी आणून केला होता. हंटने तो पुन्हा, अश्रूंशिवाय करून घेतला. पडद्यावर आहे ते दुसरं रूप, आणि ते बाँडपटांतलं सर्वांत धीट दृश्य आहे.

दोषही आहेत. चित्रपटाच्या मध्यावर बाँड सर हिलरी ब्रे नावाच्या कुलवृत्तांततज्ज्ञाचं सोंग घेऊन अड्ड्यात राहतो. त्या भागात लेझनबीच्या तोंडी जॉर्ज बेकर या दुसऱ्याच नटाचा आवाज आहे. नव्या नटाने भूमिकेवर आपला शिक्का उमटवायचा, तर त्याचा आवाज बराच वेळ काढून घेणं ही मोठीच चूक होती. त्यातच कादंबऱ्यांचा क्रम चित्रपटांत उलटा झाल्यामुळे मागच्या चित्रपटात समोरासमोर आलेला ब्लोफेल्ड इथे बाँडला ओळखत नाही. ब्लोफेल्डचा नटही बदललेला, डोनाल्ड प्लेझन्सच्या जागी टेली सव्हालास. नवा चेहरा पटवायला बाँडची प्लास्टिक सर्जरी दाखवायची, असा विचार काही काळ झाला होता. तो सोडला हे बरं झालं. पण चिंता गेली नाही. श्रेयनामावलीत जुन्या चित्रपटांतली दृश्यं वाळूच्या घड्याळातून झरतात. पुढे बाँड राजीनामा द्यायला निघतो, टेबलाचा खण उघडतो आणि हनी रायडरची सुरी, ग्रँटचं गळफासाचं घड्याळ अशा जुन्या वस्तू एकेक बाहेर काढतो. मागे त्या त्या चित्रपटाचं संगीत वाजतं. हा तोच माणूस आहे, असं निर्माते पुन्हा पुन्हा बजावतात.

मराठी प्रेक्षकाला खरं तर या प्रश्नाची जुनी ओळख आहे. ‘नटसम्राट’ १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी उभं केलं. पुढे दत्ता भट आणि सतीश दुभाषी यांनीही बेलवलकर केले. त्यांची तुलना झाली, वाद झाले, पण नाटक कोणा एकाच्या जाण्याने थांबलं नाही. रंगभूमीवर प्रयोग संपला की तो पुसला जातो. नव्या नटाला रिकामी जागा मिळते. सिनेमात मागचा नट जातच नाही. कॉनरीचे पाच चित्रपट तसेच्या तसे उपलब्ध होते, पुन्हा पुन्हा लागत होते. लेझनबीला रिकामी जागा कधी मिळालीच नाही.

तरीही चित्रपट चालला. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’इतका नाही, पण पडला मुळीच नाही. खरं नुकसान झालं ते लेझनबीच्या येण्याने नव्हे, जाण्याने. ‘इझी रायडर’च्या काळात सुटाबुटातला सरकारी हेर शिळा झाला आहे, असं त्याचा सल्लागार रोनन ओ’रॅहिली याने त्याला पटवलं. समोर आलेला अनेक चित्रपटांचा करार त्याने नाकारला आणि दाढी-केस वाढवून प्रीमियरला गेला.

मग १९७१ साली ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’. कॉनरी परत आला, साडेबारा लाख डॉलर घेऊन. ती रक्कम त्याने स्कॉटलंडमधल्या शैक्षणिक न्यासाला दिली, हे नोंदवायलाच हवं. सुरुवातीला बाँड ब्लोफेल्डला शोधत देशोदेशी फिरतो, माणसांना मारतो. का? ट्रेसीचं नाव कोणी काढत नाही. ब्लोफेल्ड पुन्हा नवा, चार्ल्स ग्रे. प्रत्यक्ष गोळ्या झाडणारी इर्मा बुंट गायब; ती भूमिका करणाऱ्या इल्झे श्टेपाट प्रीमियरनंतर काही दिवसांतच वारल्या होत्या. हे सगळं समजून घेतलं तरी निवड उघड आहे. जुना नट परत आणताना निर्मात्यांनी मधला चित्रपट घडलाच नाही असं मानलं. बाँड विधुर झाला आणि पुढच्याच चित्रपटात त्याला दुःख करायची सोय राहिली नाही. लेझनबीचा चित्रपट बरीच वर्षं ‘तो फसलेला प्रयोग’ म्हणून ओळखला गेला, त्याचं मोठं कारण हे आहे. त्या शेवटाला वारसच उरला नाही.

वारस उशिरा आला, तोही तुकड्यातुकड्याने. १९७७च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’त रशियन हेर अन्या बाँडच्या मृत बायकोचा उल्लेख करते आणि रॉजर मूरचा हसरा चेहरा क्षणभर बंद होतो, तो तिला पुढे बोलू देत नाही. १९८१च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ची सुरुवात तर ट्रेसीच्या थडग्यापाशीच होते. दिग्दर्शक जॉन ग्लेन. १९६९च्या चित्रपटाचा संकलक आणि दुसऱ्या पथकाचा दिग्दर्शक. मूर पुन्हा काम करेल की नाही हे अनिश्चित असताना हे दृश्य लिहिलं गेलं. नवा नट आलाच, तर त्याला आधीच्या बाँडशी जोडणारा दुवा म्हणून निर्मात्यांना सुचलं ते ट्रेसीचं थडगं. ज्या चित्रपटाला आपण विसरलो असं ते दाखवत होते, त्यातलाच मृत्यू आता त्यांना सर्वांत भक्कम दुवा वाटत होता. १९८९च्या ‘लायसन्स टू किल’मध्येही बाँडचा मित्र फीलिक्स लायटर आपल्या नव्या नवरीला सांगतो की, बाँडचंही एकदा लग्न झालं होतं. टिमथी डाल्टनचा बाँड तोवर पाठ फिरवून निघालेला असतो. डाल्टनला १९६९च्या चित्रपटासाठीही विचारणा झाली होती. स्वतःला फार लहान समजून त्याने नकार दिला होता.

नायक बदलत असताना मालिकेला धरून ठेवलं ते बाँडच्या कचेरीने. एमच्या खुर्चीत बर्नर्ड ली, मनीपेनी म्हणून लॉइस मॅक्सवेल, क्यूच्या टेबलामागे डेझमंड लुवेलिन. लुवेलिन एकूण सतरा चित्रपटांत आहेत. नव्या माणसाला हे तिघे जुन्या सलगीने बोलतात, म्हणून तो आपल्यालाही जुना वाटू लागतो. बदलाचं श्रेय-अपश्रेय मोजताना या मंडळींना समीक्षेत फार कमी जागा मिळते.

१९८३ साल त्या दृष्टीने बोलकं आहे. एका वर्षात दोन बाँड: उदयपुरात चित्रित झालेला, कबीर बेदी आणि विजय अमृतराज असलेला मूरचा ‘ऑक्टोपसी’ आणि वेगळ्या हक्कांवर निघालेला कॉनरीचा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’. मूळ बाँड दुसरीकडे उभा असूनही ‘ऑक्टोपसी’ने जास्त धंदा केला. तो क्यू, ते संगीत, ती नळीतून झाडलेली गोळी मूरकडे होती.

असं घर नसलेल्या मालिकांचं काय होतं, ते जॅक रायन या दुसऱ्या हेरपट-नायकाकडे पाहिलं की दिसतं. १९९०च्या ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’मध्ये अॅलेक बाल्डविन, मग दोनदा हॅरिसन फोर्ड, २००२ मध्ये बेन अॅफ्लेक, २०१४ मध्ये क्रिस पाइन. प्रत्येकाने नव्याने सुरुवात केली आणि रायन नावाचा एक माणूस काही आपल्या मनात तयार झाला नाही. पहिला चित्रपट मात्र टिकला, आणि त्यात मोठा वाटा पाणबुडीच्या कप्तानाचं काम करणाऱ्या शॉन कॉनरीचा आहे.

बाँडपटांनी हा धडा शेवटी घेतला तो डॅनिएल क्रेगच्या वेळी. ब्रॉस्ननचा पहिला बाँडपट करणाऱ्या मार्टिन कॅम्पबेलनेच २००६चा ‘कसिनो रोयाल’ केला. सोनेरी केसांचा बाँड कसा चालेल म्हणून आधी बराच आरडाओरडा झाला होता. पण या वेळी खणातल्या जुन्या वस्तू काढून दाखवल्या नाहीत. एकट्या ज्युडी डेंचला एमच्या खुर्चीत ठेवलं, बाकी सगळं पहिल्यापासून मांडलं. बाँडची प्रेयसी व्हेस्पर मरते, आणि २००८चा ‘क्वांटम ऑफ सोलेस’ त्याच कथेच्या शेवटापासून थोड्याच वेळाने सुरू होतो. तो चित्रपट विस्कळीत आहे, लेखकांच्या संपात अडकलेला आहे, तरी मी त्याची बाजू घेईन. त्यातला बाँड झोपत नाही, पितो, सूड आणि कर्तव्य यांत गल्लत करतो. एका बाईच्या मृत्यूचं ओझं तोच नट पुढच्या चित्रपटात वाहतो आहे. १९७१ साली नेमकं हेच घडायला हवं होतं.

‘नो टाइम टू डाय’ने २०२१ मध्ये हे ऋण उघडपणे मान्य केलं. संगीतकार जॉन बॅरीची १९६९ची धून त्यात आहे आणि शेवटच्या श्रेयनामावलीवर लुई आर्मस्ट्राँगचं १९६९च्याच चित्रपटातलं गाणं. दरम्यान समीक्षाही वळली होती. स्टीव्हन सोडरबर्गने लेझनबीच्या चित्रपटाच्या बाजूने तळमळीने लिहिलं. क्रिस्टफर नोलनने तो आपला आवडता बाँडपट असल्याचं सांगितलं, आणि ‘इन्सेप्शन’मधल्या बर्फातल्या किल्ल्यावर त्याची छाया स्पष्ट आहे. या फेरविचारात लेझनबीचं कौतुक अजून थोडं कुरकुरतच होतं. हंट, बॅरी, रिग यांची स्तुती करून ‘नायक सोडला तर’ असं म्हणायची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. नायक सोडला तर तो बाकावरचा घाबरलेला माणूस उरत नाही, आणि तो नसेल तर ट्रेसीचं येणं आणि जाणं दोन्ही पोकळ होतात.

आता पुन्हा बदलाची वेळ आहे. २०२५ मध्ये मालिकेचा सर्जनशील ताबा अमेझॉन एमजीएमकडे गेला आणि पुढच्या चित्रपटाचं दिग्दर्शन डेनी विल्नव्हकडे सोपवण्यात आलं. चर्चा अर्थातच चेहऱ्याची चालली आहे. माझी उत्सुकता वेगळी आहे. लेझनबीला एक चित्रपट मिळाला. डाल्टनला दोन, आणि मग कोर्टकज्जांत सहा वर्षं निघून गेली. त्याचा बाँड तिसऱ्या चित्रपटात कसा झाला असता, हे आपल्याला कधीच दिसलं नाही. विल्नव्ह आणि पटकथाकार स्टीव्हन नाइट यांनी नव्या नटाचं नाव जाहीर करण्याआधी दोन कथा हातात ठेवाव्यात: पहिल्या चित्रपटात तो काय गमावतो याची, आणि ते गमावलेलं घेऊन दुसऱ्या चित्रपटात तो कसा जगतो याची. नट कोण, हे त्यानंतर ठरवलं तरी उशीर होणार नाही.