‘म्हैसूर’ : एका नौकानामाचे अर्थांतर

युद्धनौकेचे नाव हीदेखील एक संहिताच होय. १९५७ मध्ये ब्रिटनकडून घेतलेल्या ‘नायजेरिया’ या क्रूझरला भारतीय नौदलाने ‘म्हैसूर’ हे नाव दिले. तेच नाव १९९९ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या, ‘दिल्ली’ वर्गातील क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेकडे आले. शब्द तोच राहिला. त्याचा आशय मात्र खरेदीकडून निर्मितीकडे सरकला. भूमीवरील नामकरणातही हीच प्रक्रिया दिसते. बंगळुरातील बसवनगुडीत डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५ मध्ये स्थापिलेल्या सार्वजनिक संस्थेस नामदार गोखल्यांचे नाव आहे. त्या नावाला तेथे अर्थ लाभला तो संस्थेच्या कार्यामुळे. म्हणूनच नौकानामांत केवळ प्रादेशिक अस्मिता शोधणारी समीक्षा अपुरी ठरते. त्या नावाखाली काय घडले, याचीही चिकित्सा तिने करणे अगत्याचे आहे.