राणीछाप रुपया आणि अर्धा मिलिलीटर

आर्किमिडीज आणि मुकुटाची गोष्ट सांगून झाली की पाठोपाठ एक प्रयोग येतो. चांदीचे नाणे मोजपात्रातल्या पाण्यात सोडा, पाणी किती चढले ते पाहा, वस्तुमानाला आकारमानाने भागा आणि उत्तर १०.५ येते का ते ताडून पाहा. तत्त्व बिनचूक आहे. पण एका नाण्यापुरता हा प्रयोग निरुपयोगी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते आमच्याच चुकीतून बनले.

एका शिक्षक-शिबिरात शाळेतल्या मावशींनी आईकडून आलेला राणीछाप रुपया तपासायला दिला. मुलीच्या फीसाठी तो मोडायचा होता. वजन भरले ११.५५ ग्रॅम. मोजपात्रातले पाणी चढले ‘साधारण दीड’ मिलिलीटर. भागाकार ७.७, म्हणजे जवळजवळ लोखंडच! रुपया खोटा दिसतो, असे आम्ही सांगून मोकळे झालो.

त्या मोजपात्राचे लघुतम माप १ मिलिलीटर होते. दीडऐवजी एक वाचले असते, तर घनता ११.५५ आली असती, शिशाहूनही जास्त. या अर्ध्या मिलिलीटरच्या फटीत लोखंड, जर्मन सिल्व्हर, तांबे, चांदी आणि शिसे असे सगळेच बसतात. सांडलेल्या पाण्यावरून पारख करणे फार ढोबळ आहे, ही शंका गॅलिलिओने १५८६ मध्येच घेतली होती आणि पाण्यात तोलण्याचा तराजू सुचवला होता. आमच्या उपक्रम-पुस्तिकांपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

शिबिर संपण्यापूर्वी आम्ही तेच केले. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून वाचन शून्य केले आणि रुपया दोऱ्याने, तळाला वा काठाला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवला. वाचन १.१२ ग्रॅम, तेवढ्याच वजनाचे पाणी त्याने बाजूला सारले. घनता १०.३, चूक फार तर ०.१. (नाण्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटकावेत.)

तरीही १०.५ नाहीच! इथे दुसरी चूक उघड होते. १०.५ ही शुद्ध चांदीची घनता. १८३५ च्या कायद्याने ठरलेला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, त्यात ११ भाग चांदी आणि १ भाग हिणकस धातू. हा भाग तांब्याचा धरला तर घनता १०.३ च्या वरच जेमतेम भरते, आणि वजनातली तूट झिजेची. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. त्याची घनता साडेनऊच्या आसपास, तरीही तो अस्सल सरकारी रुपया. अस्सल आणि शुद्ध हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

चुंबकाची परीक्षा तर उलटीच शिकवली जाते. ‘चिकटत नाही, म्हणून चांदी’ असे म्हणावे, तर तांबे, पितळ, शिसे यांपैकी काहीच चिकटत नाही. १९४७ चा निकेलचा रुपया मात्र चिकटतो आणि तोही खरा असतो! चुंबक वापरायचाच, तर निओडिमियमचा घ्यावा आणि तिरप्या धरलेल्या नाण्यावरून घसरू द्यावा. चांदीत प्रवर्तित विद्युतधारा त्याला अडवते, म्हणून तो संथ उतरतो. जर्मन सिल्व्हरची वाहकता फारच कमी असल्याने तो झरकन उतरतो. तांब्यावरही तो संथच उतरतो. पण तांबे घनतेत सापडते. बर्फ चटकन वितळण्याच्या परीक्षेतही तांबे सहज उत्तीर्ण होते.

शिशाच्या गाभ्याला तांब्याचे जाड वेष्टण आणि वर चांदीचा मुलामा दिला, तर घनता जुळवता येते. सराफाच्या क्ष-किरण यंत्रालाही पृष्ठभागाचा पातळ थरच दिसतो. आणि त्याच मिश्रधातूत अलीकडे पाडलेला नकली रुपया या साऱ्या परीक्षांतून निसटेल. तिथे छाप ओळखणारा जाणकारच लागतो.

मावशींना आम्ही एवढेच सांगितले, की रुपयाची घनता चांदीच्या रुपयाशी जुळते. त्या म्हणाल्या, “मग मघाशी खोटा कसा झाला होता, सर?”