‘बॉय’ : एका संबोधनाचा अर्थविस्तार

विसाव्या शतकाच्या मध्यावरील अमेरिकी इंग्रजीतील ‘बॉय’ हा शब्द कोशात पाहू गेल्यास आपण ‘मुलगा’ या अर्थापाशी थांबतो. व्यवहारात मात्र तो कुणी, कुणाला उद्देशून उच्चारला, यावर त्याचा अर्थ ठरत असे. दुसऱ्या महायुद्धावर गेलेले सैनिक ‘अवर बॉइज’ होते, आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (१९४९) मधील विली लोमन चौतिशीतल्या बिफलाही ‘बॉइज’मध्येच मोजतो, १९५३ मध्ये निघालेल्या ‘प्लेबॉय’ मासिकाने तर प्रौढ पुरुषाच्या चैनीला हेच नाव दिले. (हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बचे नावही ‘लिटल बॉय’ होते.) या उपयोगांत गोऱ्या पुरुषाला पोरपण उसने घेता येते आणि हवे तेव्हा परतही करता येते. कृष्णवर्णीय पुरुषाला ते परत करण्याची मुभा नव्हती. या शब्दाच्या अनेकार्थतेचे मर्म माझ्या मते इथे आहे. ‘लाडिक’ आणि ‘अपमानकारक’ अशी अर्थांची वाटणी केल्याने ते हाती लागत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ ॲल्विन पूसाँ यांनी १९६७ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझीन’मध्ये सांगितलेला प्रसंग समाजभाषाविज्ञानात प्रसिद्ध आहे. मिसिसिपीतील जॅक्सन शहरी एका गोऱ्या पोलिसाने त्यांना ‘बॉय’ म्हणून नाव विचारले. त्यांनी आडनावामागे ‘डॉक्टर’ लावून आपला व्यवसायही सांगितला. पोलिसाने पुन्हा ‘बॉय’ म्हणत पहिले नाव मागितले आणि शेवटी ते त्यांना द्यावे लागले. सुसान अर्विन-ट्रिप यांनी या संवादाच्या विश्लेषणात दाखविले की, येथे संबोधनाचे नियम दोघांनाही सारखेच अवगत होते. अपमान शक्य झाला तो त्या सामाईक ज्ञानामुळेच. आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला चटकन जाणवेल. प्रचलित इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद उरलेला नाही. आपल्याकडे जे काम ‘अरे’ आणि एकवचनी क्रियापद करते, त्याचा पुष्कळसा भार तिथे संबोधनावर पडतो.

रिचर्ड राइटने १९४५ मध्ये आपल्या आत्मचरित्राला ‘ब्लॅक बॉय’ असे शीर्षक दिले, तेव्हा दुसऱ्यांनी लादलेले संबोधन त्याने निवेदकाच्या हाती दिले. राल्फ एलिसनच्या ‘इन्व्हिजिबल मॅन’ (१९५२) चे शीर्षक ‘मॅन’ म्हणते; परंतु पहिल्याच प्रकरणात नायकाला पडलेल्या स्वप्नातील कागदावर तो ‘बॉय’च आहे. शीर्षक आणि संहिता यांतील हा ताण आपल्या समीक्षेने पुरेसा हाताळलेला नाही.

ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिलची हत्या झाली. तो चौदा वर्षांचा होता. वाच्यार्थाने हा शब्द ज्याला लागू पडावा असाच. एका गोऱ्या स्त्रीशी गैर वागल्याचा ठपका ठेवताना मात्र त्याला पुरुष ठरविण्यात आले. साठीच्या गड्याला पोर म्हणणारी व्यवस्था पोराला पोरपण देत नव्हती.

या शब्दाचा अर्थ कशावरून ठरवावा, हा प्रश्न २००६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला. वंशवाचक विशेषण न जोडता नुसते ‘बॉय’ म्हणणे भेदभावाचा पुरावा होत नाही, हे खालच्या न्यायालयाचे मत त्याने सरसकट मान्य केले नाही. संदर्भ, उच्चाराचा हेल, स्थानिक रूढी आणि ऐतिहासिक वापर पाहावा लागेल, असे म्हटले. अभिधेपाशी अडलेल्या न्यायालयाला व्यंजनेचा विचार करण्यास सांगण्यात आले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीय साहित्याशी तुलना १९७० नंतर सातत्याने होत आली आहे. तिथे एक अडचण राहून गेली आहे. १९६८ मध्ये मेम्फिसच्या संपकरी सफाई कामगारांच्या हाती ‘आय ॲम अ मॅन’ असे फलक होते. आपण त्याचे ‘मी माणूस आहे’ असे भाषांतर करतो, आणि दलित कवितेने ‘माणूस’ या शब्दाला दिलेले वजन त्याला आपोआप लाभते. तथापि मूळ वाक्य ‘बॉय’ला दिलेले उत्तर आहे, त्यातील ‘मॅन’ पशूच्या विरोधात उभा आहे, तसाच पोराच्याही. ‘माणूस’ म्हटले की हा दुसरा विरोध पुसट होतो. ‘पुरुष’ म्हटले की पहिला.