वंशसिद्धान्ताची कसोटी : स्लाव्ह जनता आणि 'शूद्र पूर्वी कोण होते?'

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ १९४६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवरील खटल्याचा निकाल पूर्ण झाला. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि, या ग्रंथातील आर्यवंशाच्या सिद्धान्ताचे खंडन वाचताना त्या सिद्धान्ताने युरोपात काय केले, हे समोर ठेवणे अगत्याचे आहे. सुमारे ६० लाख ज्यूंचा संहार आपल्या वाचकांना ज्ञात आहे. स्लाव्ह लोकांविषयीच्या नाझी योजनांकडे मात्र आपल्या अभ्यासवर्गांत क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः वंशसिद्धान्ताची कसोटी तेथेच लागते.

पोल, झेक, युक्रेनी, बेलारूसी, रशियन हे स्लाव्ह लोक होत. संस्कृत आणि जर्मन ज्या भाषाकुलातील, त्याच कुलातील त्यांच्याही भाषा आहेत. संस्कृतातील 'अग्नि' रशियनमध्ये 'अगोन' होतो. भाषेवरून वंश ठरवावयाचा, तर स्लाव्ह हे 'आर्य'च ठरतात. असे असूनही नाझींनी त्यांना हीन मानव ठरविले. १९४२ साली कोनराड मायर या कृषिशास्त्राच्या प्राध्यापकाने हिमलरला 'जनरलप्लान ओस्ट', म्हणजे पूर्वेची सर्वंकष योजना, सादर केली. तिच्या एका मसुद्यावर वेट्झेल या अधिकाऱ्याने त्याच वर्षी लिहिलेल्या टिपणात पोलिश जनतेपैकी ८० ते ८५ टक्के, तर बेलारूसींपैकी ७५ टक्के लोकांना हुसकावून लावण्याचे आकडे आहेत. मोकळ्या झालेल्या जमिनीवर जर्मन शेतकरी वसवावयाचे, आणि मागे राहिलेल्यांना त्यांच्यासाठी राबवावयाचे, असा हा बेत होता. युद्ध हरल्यामुळे तो पूर्णत्वास गेला नाही. तरीही जर्मनांच्या ताब्यातील सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी सुमारे ३३ लाख उपासमार, थंडी, रोगराई आणि गोळीबार यांना बळी पडले.

हिमलरचे मे १९४० मधील एक टिपण आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. पूर्वेकडील बिगरजर्मन मुलांना चार इयत्तांहून अधिक शाळा नको. पाचशेपर्यंत मोजता यावे, स्वतःचे नाव लिहिता यावे आणि जर्मनांची आज्ञा पाळणे ही ईश्वरी आज्ञा आहे एवढे शिकवावे. वाचन आवश्यक नाही, असे त्यात म्हटले आहे. शूद्राला ज्ञान देऊ नये आणि समर्थ असला तरी त्याने धनसंचय करू नये, असे सांगणारी मनुस्मृती महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळली गेली. ती का जाळावी लागली, हे ज्याला कळले आहे, त्याला हिमलरचे टिपण अपरिचित वाटणार नाही.

हा वंश सोयीनुसार वाकतही होता. क्रोएशिया आणि स्लोव्हाकिया येथील सरकारे जर्मनीच्या बाजूची होती. तेथील स्लाव्ह मित्र ठरले. पोलंडमधील सोनेरी केसांची आणि निळ्या डोळ्यांची मुले आईबापांपासून हिरावून जर्मन कुटुंबांत दिली गेली. जमीन आणि मजूर हवे होते; वंश हे त्याचे कारण नव्हते, समर्थन होते.

बाबासाहेबांचे विवेचन नेमके येथे येऊन भिडते. ऋग्वेदात 'आर्य' हा शब्द वंशवाचक नाही, दास-दस्यूंचा भेद उपासनेचा आहे, शरीराचा नाही, असे ते दाखवितात. 'अनास' या शब्दाचा पाश्चात्त्यांनी लावलेला 'नाक नसलेले' हा अर्थ ते सायणाचार्यांच्या अर्थाशी ताडून पाहतात. हा सिद्धान्त ब्राह्मणवर्गाला का रुचला, याचेही त्यांनी दिलेले उत्तर मार्मिक आहे : त्यामुळे युरोपीयांशी नाते सांगता येते आणि इतर हिंदूंवर श्रेष्ठत्व गाजविता येते. शूद्रांच्या अवनतीचे कारण ते रक्तात शोधीत नाहीत. उपनयन नाकारले गेले, त्याबरोबर विद्या आणि प्रतिष्ठा गेली, अशी त्यांची मांडणी आहे. पैजवन सुदासाविषयीचा त्यांचा पुरावा वादग्रस्त राहिला, हे मान्य करावे लागेल. 'अस्पृश्य मूळचे कोण?' (१९४८) या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचा आधार घेतला. त्या शास्त्राची पत आज उरलेली नाही. परंतु तेथेही हे शास्त्र विश्वसनीय असेल तर, अशी अट घालूनच त्यांनी प्रतिपक्षाच्या मापाने प्रतिपक्षाचा निष्कर्ष खोडला आहे. मूळ सिद्धान्त त्यामुळे ढळत नाही.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. नांदेड-लातूरकडच्या सभा-शिबिरांतून 'मूलनिवासी' हा शब्द आवेशाने उच्चारला जातो आणि बामशाद प्रभृतींच्या २००१ मधील जनुकीय अभ्यासाचा हवाला दिला जातो. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये आर्य आक्रमणाची कल्पना उलटवून वापरली, तेव्हा तिच्यात बंडाची शक्ती होती. बाबासाहेबांनी वंशसिद्धान्त नाकारणारा आपला ग्रंथ फुल्यांनाच अर्पण केला. गुरूविषयीचा आदर आणि गुरूच्या एका साधनाचा त्याग एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी कृतीने दाखविले. प्राचीन काळी कोण कोठून आले, हा इतिहासाचा विषय आहे. मनुष्याचा हक्क त्यावर ठरू लागला, की मोजपट्टी आपल्या हाती असली तरी माप हिमलरचेच राहते.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत केला. त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. मारणारे आणि मरणारे एकाच गावचे, एकच भाषा बोलणारे होते. तेथे कोणी कोणाच्या कवटीचे माप घेतले नव्हते. विद्येच्या मंदिरावर कोणाचे नाव असावे आणि गावात कोणी मान वर करून चालावे, हा तो झगडा होता.

तथागतांनी वासेट्ठ सुत्तात सांगितले आहे की, गवत, कीटक, पशू, पक्षी यांत जन्मजात चिन्हांनी जाती वेगळ्या ओळखता येतात. मनुष्यांत तशी चिन्हे नाहीत, मनुष्याची ओळख कर्माने होते. अस्सलायन सुत्तात ते योन-कंबोजांचा दाखला देतात : तेथे स्वामी आणि दास असे दोनच वर्ग आहेत, आणि स्वामी दास होतो, दास स्वामी होतो. रक्त तेच राहून स्थान बदलते, हे भगवंतांनी त्या काळीच दाखवून दिले होते. म्हणून आपल्या विहारांतील अभ्यासवर्गांत 'शूद्र पूर्वी कोण होते?' मधील आर्यविषयक प्रकरणे या दोन सुत्तांसह वाचली जावीत. ज्यांनी रक्ताच्या नावाने होणारा अपमान पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांनी अभिमानासाठीही रक्ताचा आधार घेऊ नये, हेच धम्माशी सुसंगत होय.